इरले उभ्याने की वाकून?

प्रश्न असा होता : इरले उभ्या माणसासाठी असते की वाकलेल्या? या प्रश्नाचे उत्तर मला एकाच दुपारी, भिजून, मिळाले.

इरले म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पाने विणून केलेले पावसाळी छप्पर. भातलावणीच्या वेळी ते डोक्यावरून पाठीवर घेतात. कर्जतजवळ आम्ही काही निवृत्त मंडळींनी एक जुने गाव उभारले आहे. जंगल साफ करून या भागात प्रथम वस्ती करणारे कसे राहत असतील, हे दाखवणारी कुडाची तीन घरे, एक खळे आणि एका दालनाचे संग्रहालय. मंडळींत शाळामास्तर मी एकटाच, म्हणून तेथील पाट्या मी लिहिल्या. लावणीच्या देखाव्यासाठी एका बाईचा पुतळा हवा होता. तो गणपतीच्या कारखान्यातून करून घ्यावा, असे ठरले. आमच्याकडे मूर्ती म्हटले की दुसरे काही सुचत नाही. मी कारखानदारांना अकरा मुद्द्यांचे पत्र पाठवले. उंची, वर्ण, लुगड्याचा रंग, कुंकवाचा आकार, सर्व कळवले. बाईने उभे राहावे की वाकावे, एवढेच लिहायचे राहिले. त्यांनी त्यांना येते तेच केले. बाई ताठ उभी, चेहरा प्रसन्न, उजवा हात आशीर्वादासाठी वर.

तिच्या डोक्यावरचे इरले माझ्या थोरल्या बहिणीचे. विणणारा म्हातारा गेल्यापासून खालापूरकडच्या तिच्या गावात तेवढे एकच उरले आहे. ते नीट दाखवतात का, हे पाहायला आक्का स्वतः आली.

"ही माझं इरलं घेऊन करते काय?"

"भातलावणी. पाटीवर लिहिले आहे."

"उभ्यानं? आन् हात वर करून? रोपं आभाळात लावते काय रं?"

संग्रहालयाची देखरेख करणारे गृहस्थ रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. ते म्हणाले, "ताई, परवा एक बाई हिच्यापुढं नारळ ठेवून गेली."

"मग फोडला काय?"

"नाय. प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावायचा नाय, असा नियम हाय."

आक्काने निर्णय सांगितला. देखावा आजच्या आज सुधारला नाही, तर इरले तिच्याबरोबर संध्याकाळच्या टेंपोने परत जाणार. इरल्याशिवाय आमचा देखावा म्हणजे हात वर केलेली एक अनोळखी बाई. मी शांतपणे मुद्दा मांडला, "इरले पावसापासून रक्षण करते. माणूस कोणत्या स्थितीत आहे, हे गौण आहे."

"असं? मग घाल."

मी इरले घेऊन खळ्यात ताठ उभा राहिलो. आक्काने बागेची झारी उचलली. पाठ कोरडी राहिली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. मात्र चष्मा, सदरा आणि खिशातली पाट्यांच्या मसुद्यांची वही भिजली.

"आता वाक."

मी वाकलो. दुसरी झारी पूर्ण रिकामी झाली. डोके, पाठ, कंबर, सर्व सुरक्षित. फक्त हातांची बोटे भिजली. वाकल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली : आतून आपल्याला आपलेच पाय तेवढे दिसतात.

"बाहेरूनबी तेवढंच दिसतं," आक्का म्हणाली. "लावणीला कोण कुणाचं तोंड बघतो? शेतात निस्ती कासवं."

कोंडाण्याची लेणी पाहून परतणारे काही पाहुणे एव्हाना जमले होते. त्यांच्यातल्या एकाने विचारले, "हा कार्यक्रम रोज किती वाजता असतो?"

"गुरुजी वाळले की," देखरेख करणारे गृहस्थ म्हणाले.

आक्काच्या त्या वाक्यातच उपाय होता. तोंड दिसतच नसेल, तर पुतळा हवा कशाला? आम्ही स्वयंपाकघरातली, पाण्याचे हंडे ठेवायची लाकडी घडवंची आणली, तिला लुगडे गुंडाळले आणि वरून इरले ठेवले. आक्का चार पावले मागे गेली, मान तिरकी करून पाहत राहिली, मग पुढे येऊन लुगड्याचा काठ वीतभर वर खोचला.

"चिखलात लुगडं लोळवतात काय, येड्या?" ती म्हणाली आणि मोकळ्या हातांनी टेंपोकडे निघाली.

पुतळा आता प्रवेशद्वाराशी स्वागताला उभा आहे. नारळ अजून येतात. पाटी मी बदलली आहे. तरी केवळ पाटीवर विश्वास ठेवू नये. इरले मिळवा, एक झारी उभ्याने आणि एक वाकून अंगावर ओतून घ्या, आणि उत्तर स्वतः पडताळून पाहा, ही विनंती.