व्हिडिओला आधी वाट

मरोळच्या आमच्या कंपनीत व्हिडिओ साठवायची यंत्रं बनत. मी त्यांची फाइल सिस्टिम लिहायचो, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे ठेवायची आणि कोणाला आधी वाचू द्यायचं हे ठरवणारी व्यवस्था. व्हिडिओला क्षणभरही थांबवून चालत नाही, आणि त्याच डिस्कवर पत्रं, हिशेब, बॅकअप अशी साधी कामंही उरकायची असतात. सगळी डोकेदुखी तिथेच. साहेबांचा नियम सरळ होता: व्हिडिओ आधी, बाकीचं सवडीने.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण घाटकोपरची, जिभेने तिखट. "व्हिडिओ अडकला की सगळे बोंबलतात ना. कॉपी अडकली तर कोणाला कळतं रे?" साध्या कामांना हक्काचा वाटा देऊनही व्हिडिओ अडखळणार नाही, अशी मांडणी तिने वर्षभर खपून लिहिली. झकास होती. साहेब म्हणाले, गिऱ्हाइकासमोर चालवून बघू, मग ठरवू.

आमची एक मिरवायची गोष्ट होती. सगळं काम आमच्याच यंत्रावर ठेवायचं, लॅपटॉपवर काही नाही. त्याच यंत्रावरून रिसेप्शनमधल्या मोठ्या पडद्यांवर दिवसरात्र व्हिडिओ चालायचे, पाहुण्यांनी तोंडात बोट घालावं म्हणून. रविवारी तरी पडदे बंद ठेवा, असं तिने सांगून पाहिलं. "दुकानाची पाटी कोणी उतरवतं का?" साहेब हसून म्हणाले.

एका सकाळी डिस्क गेली. व्हिडिओंच्या दोन-दोन प्रती असायच्या, त्यामुळे पडद्यांवर कोणाला काही कळलंही नाही. साध्या फाइलींची सगळी भिस्त बॅकअपवर. तो पाहिला, तर कित्येक आठवडे नुसतं 'चालू आहे' दाखवत होता. बंद पडला असता तर निदान इशारा तरी आला असता. तो बिचारा व्हिडिओंच्या मागे रांगेत उभा होता. तिची मांडणी गेली, चाचण्या गेल्या, सगळंच.

"वाट लागली यार," एवढंच म्हणाली आणि पाणी प्यायला गेली. मला साहेबांचा असा संताप आला होता की त्या दिवशी मी जेवलोच नाही. साहेब म्हणाले, हवं तर पुन्हा लिही, पण यंत्र ठरल्या दिवशी जुन्याच नियमाने गिऱ्हाइकाकडे जाणार. तिने पुन्हा लिहिलं नाही. थोड्याच दिवसांत ती बोरिवलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागली.

आता साहेब बदललेत, आणि गिऱ्हाइकं कुरकुरतात की बाकीची कामं पुढे सरकतच नाहीत. परवा नव्या साहेबांनी विचारलं, साध्या कामांना वाटा देता येईल का? मी धावत बाहेर येऊन तिला फोन लावला. म्हटलं, "अगं, तुझंच हवंय त्यांना!"

ती म्हणाली, "अरे, कसं जमवलं होतं ते मलाच आठवत नाही आता. तुला समजावलं होतं ना मी? तुला आठवतंय?"

मला आठवत होतं ते एवढंच, की फळ्यासमोर उभी राहून सांगताना ती फार खुशीत होती.