भाऊंच्या घरचा माणूस

आमच्या शेजारच्या बद्रीनाथकाकांना दुसऱ्या कंपनीनं दुप्पट पगार देऊन फोडलं, अशी आवई नवीन जालन्यातल्या एका पानटपरीवरून निघाली आणि संध्याकाळच्या आत कुंभार पिंपळगावला पोहोचली. तिथं पगारासोबत मोटारसायकल जोडली गेली, दुसऱ्या दिवशी तिची चारचाकी झाली. खरं इतकंच, की काकांनी बियाण्यांच्या कंपनीतली बावीस वर्षांची नोकरी सोडली. सोडली तेव्हा हातात जेवणाच्या डब्याची पिशवी होती, दुसरं काही नव्हतं.

काकांचं काम उगवण तपासायचं. लॉटमधले शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, आठव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे आणि आकडा चिठ्ठीवर लिहायचा. चिठ्ठी बरी असेल तरच माल दुकानात. शहागडचे शेतकरी थैलीला हात लावण्याआधी विचारायचे, "बद्रीनाथनं पाह्यलंय का?" काकांनी बावीस वर्षांत कमावलं ते हेच.

बाहेरून त्यांना दोनदा बोलावणं आलं होतं. गेले नाहीत. कारण मालक, म्हणजे भाऊ. काकांचे वडील वारले तेव्हा भाऊ दहाव्याला नदीवर आले होते, भर उन्हात. "बद्रीऽऽ, तू नोकर न्हाईस रे. तू घरचा." भाऊंचं बोलणं म्हणजे आधी एक खाकरा, मग लांबवलेली 'री', मग खांद्यावर हात. मला ते खाकऱ्यासकट येतं. मी सुरू झाले की दुर्गाकाकू पदरात तोंड लपवून हसायच्या. काकाही हसायचे, आणि हसून झालं की म्हणायचे, "बास कर आता. मोठा माणूस हे तो."

यंदा मे महिन्यात सोयाबीनच्या एका लॉटचे शंभरातले एक्कावन्नच दाणे उगवले. काकांनी चिठ्ठीवर लिहिलं, माल सोडू नये. पण पेरणी तोंडावर आलेली, दुकानदारांचे फोनावर फोन. भाऊंच्या मुलानं, हरिओमनं, चिठ्ठी खिशात घातली आणि माल सोडून दिला.

जुलैत शहागडचे पंधरा-वीस जण गेटवर येऊन उभे राहिले. अर्ध्या रानात कोंबच नव्हता. भाऊ बाहेर आले, त्यांच्या मागे काका. भाऊ खाकरले.

"माणसाकडून चूक होतेच. आमच्या बद्रीकडून मोजणीत गडबड झाली. थैल्या बदलून देतो मी."

सगळे काकांकडं बघायला लागले. कुणी शिवी दिली असती तर काकांना बरं वाटलं असतं. म्हातारे रामकिसन एवढंच म्हणाले, "बद्रीनाथ, तुम्ही पाह्यलं म्हणून घेतलं होतं आम्ही."

काका केबिनमध्ये गेले. "भाऊ, चिठ्ठीत तर मी..."

"माहीत हे मला." खांद्यावर हात आला. "अरे, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तो उद्या सोडून गेला असता. तू कुठं जातोस? तू घरचा, म्हणून तर तुझं घेतलं."

काका त्या हाताखालून बाजूला झाले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

घरी दुर्गाकाकू घाबरल्या. "दहाव्याला आलेला माणूस हे. सोडून आलात तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणूनच राह्यले. बद्रीला मोजता येत न्हाई म्हणतेत."

कंपनीत पुण्याहून आलेल्या साधना मॅडमनी एक फॉर्म पुढं केला. नोकरी सोडण्याचं कारण: पगार, प्रवास, प्रकृती, कौटुंबिक. काकांनी तो दोनदा वाचला आणि 'कौटुंबिक'वर खूण केली.

"अगंबाई, घरी कुणी आजारी आहे का?" मॅडमनी खरंच काळजीनं विचारलं.

"न्हाई मॅडम. सगळे ठणठणीत हेत."

मी काकांशी पैज लावली. म्हटलं, पंधरा दिवसांत भाऊ स्वतः येतील. पेढे आणतील, काकूंना 'वहिनी' म्हणतील, दहाव्याचं ऊन काढतील आणि काका, तुम्ही पायात चपला घालाल. काका हरले तर मला स्टेशनसमोरची भजी, पोट भरेस्तोवर. मी हरले तर भाऊंचा आवाज या घरात पुन्हा काढायचा नाही.

बाराव्या दिवशी भाऊ आले. पेढे आले, 'वहिनी' आलं, ऊनही आलं. दाराआड मी त्यांच्याबरोबर नुसते ओठ हलवत होते, एक शब्द चुकत नव्हता. "चल, बद्रीऽऽ. घरचा माणूस रुसतो, पण परत येतो."

भजीचा वास माझ्या नाकात शिरला होता.

काकांनी चहाचा कप त्यांच्या पुढं सरकवला. "येतो ना भाऊ. आधी शहागडला जाऊ. रामकिसनपुढं तुम्ही चिठ्ठी वाचून दाखवा. तिथूनच कामावर येतो."

भाऊ खाकरले. मी ओठ तयार ठेवले.  पण त्यांनी घड्याळ पाहिलं, कप तसाच ठेवला आणि पेढे तिथंच विसरून निघून गेले.

भाऊंची वाक्यं माझी सगळी बरोबर निघाली. काकांचंच तेवढं मला येत नव्हतं. पैज हरले त्या दिवसापासून त्या घरात मी घसा खवखवला तरी अंगणात जाऊन खाकरते.