बाईंना न येणारा वास

बाई गेल्याचं प्रियाला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती बाईंची लेक, बंगळुरूला असते. मी नुसतं "प्रिया..." म्हटलं आणि तिला कळलं. बराच वेळ रडली. मग म्हणाली, "काकू, शेवटी झोप लागली होती ना तिले?" मी हो म्हटलं.

सुमनबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. चिखलीत आमची घरं भिंतीला भिंत लावून. त्यांचं नाक फार तिखट. मी मिरच्या भाजायला घेतल्या की अंगणातूनच ओरडायच्या, "तवा उतरव वं, करपून राह्यल्या!" डब्यातले तीळ खवट झालेले आधी त्यांना कळायचे. नाकामागे कॅन्सरची गाठ निघाली, तिला रेडिएशनचे शेक दिले आणि नेमका वासच गेला.

दुखण्यानं झोप उडाली, तेव्हा प्रियानं लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली पाठवली. त्या फुलाचं झाड आमच्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन-चार थेंब खोबरेलात मिसळून कपाळाला, तळपायाला लावायचे. मन निवतं, डोकं हलकं होतं, झोप येते, असं तिनं समजावलं. डॉक्टर म्हणाले, "लावा. काहींना बरं वाटतं. पण याने दुखणं जाणार नाही, गोळ्या सोडू नका."

मी कपाळाला तेल लावायला लागले की बाई विचारायच्या, "कसा येऊन राह्यला वं वास?"

"तुळशीसारखा... जरासा कापरासारखा. मधूनच साबणासारखा."

"म्हणजे धुतलेल्या देवघरासारखा," त्या हसल्या. तेवढ्यात प्रियाचा फोन आला. तिला म्हणाल्या, "लय मस्त वास आहे. लगेच डोळा लागला माहा." फोन ठेवला आणि माझा हात धरला. "तिले सांगू नको. एवढ्या दुरून लेकरू दुसरं काय करीन?"

पुढे कपाळाला बोट लागलेलंही त्यांना सोसेना. मग मी उशीवर थेंब टाकून नुसती बसायची. खोलीभर वास. तो फक्त मलाच यायचा. शेवटच्या दुपारी गोळीही गिळवली नाही. इंजेक्शनसाठी भाऊजी, प्रियाचे बाबा, डॉक्टरांना आणायला गेले होते. बाई माझ्याकडे बघत कण्हत राहिल्या, आणि मी तेलाच्या बाटलीचं झाकण उघडत, परत बंद करत बसले... डॉक्टर आले तेव्हा बाई गेल्या होत्या, डोळे उघडेच होते.

प्रियाचा फोन अजून येतो, आईला करायची त्याच वेळेला, दिवेलागणीला. "चहा झाला का काकू?" एवढंच विचारते. मी झाला म्हणते. पण ती फोन ठेवत नाही, आणि मीही ठेवत नाही.