दम बघणारे आतोबा

वसई-विरारमध्ये लोकांच्या गळ्यांकडे माझ्या आतोबांइतकं निरखून कोणी पाहत नसेल. घशाचे डॉक्टर आणि सोनारसुद्धा नाहीत. लग्नात ते नवरा-नवरीला सोडून बँडमधल्या ट्रम्पेटवाल्यासमोर खुर्ची टाकतात आणि "हा मधेच श्वास घेतो," असं नाराजीने आत्याला कळवतात. आत्याला त्यांच्याबद्दल काही बोलायचं असलं की ती पाठ फिरवते, कारण समोरून बोललेलं अक्षर न् अक्षर ते ओठांवरून टिपतात. सातिवलीच्या एका कारखान्यात प्रेस मशीन चालवता चालवता त्यांचे कान गेले. कानाचं यंत्र आहे, पण दर रविवारी ते डबीत जातं. रविवारी आतोबा कबड्डीचे पंच असतात आणि गोंगाटात ते यंत्र कानात शिट्टी मारतं. "मैदानात शिट्टी एकच पायजे," असं त्यांचं म्हणणं.

चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. दम तुटला की तो बाद. बाकीचे पंच दम ऐकतात, आतोबा बघतात. खेळाडूच्या जोडीने ते रेषेबाहेरून खेकड्यासारखे आडवे पळतात, नजर त्याच्या कंठमण्यावर. नुसते ओठ हलवणारे हुशार गडी पहिल्याच सामन्यात सरळ होतात. मी बाजूच्या टेबलावर गुण लिहिते.

गेल्या वर्षी गावच्या स्पर्धेआधी मंडळाचे चिटणीस त्यांना म्हणाले, "काका, एक जरी तक्रार आली, तर पुढच्या वर्षी तुम्ही पाहुण्यांत बसा." आतोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

अंतिम सामना आमच्याच संघाचा. गुण समान, शेवटची चढाई. आमच्या आळीतल्या रोशनने समोरचा गडी टिपला आणि मध्यरेषेकडे झेप घेतली. लोक इतके ओरडत होते की टेबल थरथरत होतं. आतोबांनी शिट्टी मारली. रोशन बाद, आणि गाव एका गुणाने हरलं.

संघाचा व्यवस्थापक धावत आला. "अरे, बहिऱ्याला दम काय ऐकू येनार? माझी तक्रार लिहून घ्या!"

आतोबांनी त्याचे ओठ शांतपणे वाचले. "तुला आला ऐकू?"

त्याने दुसऱ्या पंचांकडे पाहिलं. त्या गोंगाटात दुसऱ्या पंचांनाही काही ऐकू आलं नव्हतं. मग आतोबा रोशनकडे वळले. "तू बोल."

रोशन जर्सीने तोंड पुसत राहिला. 'नाही तुटला' एवढं म्हटलं असतं, तर तक्रार लिहिली गेली असती आणि आतोबांची पंचगिरी संपली असती.

"तुटला, काका," तो म्हणाला.

तक्रार तिथेच राहिली. पण घरी चालत येताना आतोबा खूश नव्हते. "पोराचा दम रेषेच्या एवढासा अलीकडे तुटला गो, बाय. माझी नजर जरा हलली असती, तर कोनाला कळलं असतं?" हे आपण हळूच पुटपुटतोय अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात रोशनच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. रोशन उठून कुंपणापाशी आला.

"काका, पुढच्या वर्षी पन तुमीच या हां."

आतोबा खाली बघत पुढे निघाले होते. मी त्यांची बाही ओढली. ते वळेपर्यंत रोशन घरात गेला होता.

"काय म्हनला?"

मी सांगितलं. संध्याकाळ झाली होती, माझे ओठ त्यांना नीट दिसेनात. मग मी भर आळीत ओरडून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि चालू लागले. चार पावलांवर पुन्हा थांबले.

"परत सांग," म्हणाले.

त्यांना खरंच कळलं नव्हतं का, हे मला आजही ठाऊक नाही. मी परत सांगितलं.