सुगंधाअक्कांचा दिवा

सुगंधाअक्कांच्या दारासमोरचा विजेचा खांब सरकारी असला, तरी त्यावरचा दिवा अक्कांचा, हे आमच्या गावात सगळ्यांना मान्य. त्यांचे यजमान अभिमनआबा केळीच्या बागेतून परतताना याच बोळात अंधारात घोणस चावून गेले. त्यानंतर अक्कांनी प्रत्येक ग्रामसभेत सरपंचाला असं धारेवर धरलं, की शेवटी खांब आला.

दिवेलागणीला घरातला दिवा लावून आपण हात जोडतो ना, तसे अक्का ओट्यावर येऊन खांबावरच्या दिव्याला जोडायच्या. आम्ही पोरं हसायचो. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मग सातपुड्याकडच्या टेकडीवर एका संस्थेनं मोठी दुर्बीण बसवली. तिथली नूतन नावाची मुलगी ग्रामसभेत आली आणि म्हणाली, "दिवे बंद करू नका, फक्त त्यांचा उजेड वर जाऊ देऊ नका. आम्हाला तारे दिसत नाहीत."

"तुले तारे पाह्यजेत, मले साप दिसला पाह्यजे," अक्का म्हणाल्या.

तोडगा पंचायतीच्या वायरमननं, कौतिकनं काढला. बांधकामावर टाकून दिलेली घमेली जमवून त्यानं एकेका दिव्यावर उपडी ठोकली. दिसायला ध्यान, पण उजेड सगळा खाली. बोळातली गटाराची कडसुद्धा स्पष्ट दिसायला लागली. सापापुरतं अक्कांचं समाधान झालं.

संध्याकाळी त्या हात जोडायला ओट्यावर आल्या आणि तिथंच अडखळल्या. घमेल्याखाली दिवा काही दिसेना.

"मी आता कोनाले हात जोडू रे?" म्हणून त्या ओट्यावर बसल्या आणि चक्क रडल्या. अक्कांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आमचं हसणं कुठल्या कुठे गेलं. कौतिक बिचारा खजील. म्हणाला, "उद्या काढून टाकतो, अक्का."

दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन यायला त्याला दिवेलागणच झाली. तो शिडी टेकवतोय तोवर अक्का सवयीनं पदराला हात पुसत बाहेर आल्या. मान वर केली. नेहमी डोळ्यांवर येणारा तो झगझगाट नव्हता. समोर केळीच्या बागेवर, मावळतीला, शुक्राची चांदणी लखलखत होती.

अक्का बघतच राहिल्या.

"कौतिक, हे कव्हापासून हाये इथं?"

"चांदनी ना? ती तं कव्हाची येते, अक्का. दिव्यानं दिसत नसंन."

"आमचे हे अंगनात बाज टाकून मले दाखवायचे," अक्का हळूच म्हणाल्या. "म्हनायचे, पाह्य, आपल्या बागावर दिवा लागला. ते गेल्यावर मी कव्हा वर पाह्यलंच नही. मले वाटलं, तेबी गेलं त्यांच्यासंगं."

अक्कांनी हात जोडले. बराच वेळ जोडून ठेवले. मग नाक पुसून त्या नेहमीच्या आवाजात कौतिकवर खेकसल्या.

"उभा काय ऱ्हायला? शिडी ने मारुतीच्या देवळाकडं. त्या कमानीवरच्या दिव्याले अजून घमेलं नही लावलं तू."