खळ लावलेलं विमान

नातवाने खेळण्यातल्या विमानाच्या किटमधली गोंदाची नळी उघडली, आणि त्या उग्र वासाने मी थेट सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात, आमच्या गच्चीवर पोहोचलो.

लग्नाआधी हौसेने आणलेलं हलक्या लाकडाचं विमान माझ्याकडून अर्धवट राहिलं होतं. गोंद संपला, म्हणून मी शेजारच्या मागावरची सुताला लावायची खळ आणून पंखांवर कागद चिकटवला. आपल्याकडचं ऊन ते! खळ कडक झाली आणि एक पंख पापडासारखा वाकला. विमान माळ्यावर गेलं ते गेलंच.

पुढे ते बायकोला सापडलं. "आज उडवा, नाहीतर बंबात घालते की!"

मी घाईने शेपटी बसवली, पुढचा पंखा फिरवणारं रबर पिळलं आणि गच्चीवरून विमान सोडलं. ते गल्ली ओलांडून निघालं.

"गेलं की हो!" ती ओरडली.

तेवढ्यात ते संथपणे वळलं. मावळतीच्या उन्हात कागदाआडच्या काड्या बरगड्यांसारख्या उजळल्या.

"परत यायला शिकवलंत त्याला?"

"मग! हिशेबच तसा केलाय."

वाकडा पंखच त्याला वळवत होता, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मात्र थाप मारून मीही तिच्यासारखाच आ वासून बघत राहिलो. माझ्या हातचं काहीतरी आभाळात होतं, आणि खाली यायला तयार नव्हतं.