सहा तारांची सहा कॉइलं

सन १९९६. माझं वय छप्पन्न. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटारी बांधायचं दुकान होतं. बांधायचं म्हणजे जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढायची आणि नवी गुंडाळायची. शाळा चौथीपर्यंत, पण तारेतलं मला कुणी शिकवू नये असा माझा बाणा.

तो गिटारवाला पहिल्यांदा दुकानात आला तो उजवा अंगठा मुठीत दाबूनच. अशी माणसं तुम्हीही बघितली असतील, हात पुढं करतात पण अर्धाच. दिवसा फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात काम आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार. फौंड्रीतच त्याच्या अंगठ्याचं पेर गेलं होतं.

"मामा, अंगठा गेला त्येचं काय न्हाय. पर जाड तारा अंगठ्यानं वाजत्यात. त्येंचा आवाजच निघंना झालाय. ऑर्केस्ट्राचा मालक म्हणतोय, एक तारखेपासनं दुसरा बघतो."

"मग मी काय करू? अंगठा गुंडाळून देऊ व्हय?"

तो हसला. "बघू या की," म्हणाला. हे त्याचं पालुपद. चहा घेणार का विचारलं तरी, "बघू या की." आणि दोन कप प्यायचा.

त्याच्या गिटारीला साऱ्या तारांखाली मिळून एकच कॉइल होतं. लोहचुंबकाभोवती तार गुंडाळलेली. वरची तार हलली की ते ओळखतं आणि स्पीकरकडं धाडतं. याला हवी होती सहा तारांना सहा कॉइलं आणि प्रत्येकाला आवाजाचं वेगळं बटण. म्हणजे जाड तारांचा आवाज तेवढा मोठा करता येईल. डोकं बघा गड्याचं!

"तार केसासारखी बारीक पायजे, मामा. आनि वेढं हजारानं."

"बारीक तार जळती."

"हितं जळायला करंट कुठाय?"

"तू गिटार वाजीव मर्दा. तार माझ्यावर सोड."

मी पंख्याची जाड तार घातली, वेढे जेमतेम शंभर बसले. वर वार्निश पाजून दिवसभर बल्बखाली भाजली. अशी ठणठणीत कॉइलं झाली की आलेल्या गिऱ्हाइकांना मी ती कौतुकानं दाखवत होतो.

ऑर्केस्ट्राच्या तालमीला मी मुद्दाम गेलो. त्यानं तार छेडली. आवाज कसला, बटण पार शेवटपर्यंत फिरवलं तर नुसती घरघर.

मालक म्हणाला, "आत चिलट अडकलंय काय रं?"

सगळे फिदीफिदी हसले.

"कॉइलात ही खुळी तार कुणी घातली?" मालकानं विचारलं.

मी कोपऱ्यात उभा. गिटारवाल्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. "मीच सांगिटलीती," म्हणाला, "चुकलं माझं."

"मग एक तारखेला येऊ नगंस."

परतताना तोच म्हणाला, "दिसायला मातूर झ्याक झाल्याती, मामा." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बारीक तार मी दुसऱ्याच दिवशी आणली. चष्म्यावर भिंग लावून हातानं वेढे घेतले. श्वास जोरात सोडला तरी तार तुटायची. आठ दिवस गेले. कॉइलं बसवली तर एका तारेचा आवाज दुसरीच्या कॉइलात शिरायला लागला.

"कोल्हापूरची हायती," तो म्हणाला, "शेजारच्या घरात कान लावणारच की."

मग मोटारीतल्या लोखंडी पट्ट्या कापून मी कॉइलांच्या मधे उभ्या केल्या. आवाज पुष्कळ वेगळे झाले. त्यानं जाड तारांची बटणं वाढवली आणि अर्ध्या अंगठ्यानं तार ओढली. दुकानातल्या पत्र्याच्या रॅकवरचे नटबोल्ट थरथरले.

"ह्यो माझा आवाज हाय, मामा."

एक तारखेला दोनच दिवस राहिले होते. मालकाकडं जा म्हटलं तर त्यानं नकाराची मान हलवली. "चूक कबूल करून आलोय. आता माझं कोन ऐकतंय?" गिटार माझ्याकडंच ठेवून तो घरी गेला.

त्याच ऑर्केस्ट्रात तो पुढं अकरा वर्षं वाजवत होता. गारगोटी, आजरा, कुठं कुठं कार्यक्रम केले. दोन हजार सातात कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेला. गिटार कोडोलीला त्याच्या बहिणीकडं आहे. तिथं ती कुणाला वाजवता येत नाही.

पण तो गिटार ठेवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. गिटार घेऊन मालकाच्या दारात गेलो आणि आत न जाता, गल्लीत ऐकू जाईल असं म्हणालो, "त्यो खोटं बोलला. जाड तार मी माझ्याच हट्टानं घातलीती. चूक माझी हाय."